लुकलुकणारा दिवा, पेटून राहिलेला दिवा

डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं एक पिवळं चित्र असतं, खाली दोन नागमोडी रेघा. त्याचा अर्थ मी कित्येक वर्षं उलटा लावत होतो.

भर पावसात ताम्हिणी घाट चढताना एका वळणावर तो दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. बिघाड असेल असं वाटून मी बटण दाबलं आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, बंद करून टाकली. पुढच्याच वळणावर शेवाळ धरलेल्या कडेवर पुढचं चाक जागच्या जागी गरगरलं. स्टिअरिंग वळवलेलं, पण गाडी सरळ कठड्याकडे निघाली. मागे मुलं बसली होती. वेग कमी होता, एवढ्यावरच निभावलं.

दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्रणा काम करत असते, हे मला नंतर कळलं. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्या चाकाचा वेग मोजतो. इंजिनाच्या जोरावर फिरणारं चाक बाकीच्यांपेक्षा भरभर फिरू लागलं, की संगणक इंजिनाचा जोर उतरवतो किंवा त्या चाकाला हलका ब्रेक लावतो. म्हणजे गाडी ओढत नव्हती ती मला वाचवण्यासाठी, आणि नेमकी तेव्हाच मी ती मदत तोडली.

पुढे कोकणात लाल चिखलात रुतलो तेव्हा घाटातली धास्ती मनात होती, म्हणून बटणाला हात लावला नाही. चाक फिरू लागलं की जोर तुटायचा आणि गाडी तिथेच. ते बटण खरं तर अशाच जागेसाठी दिलेलं असतं. चिखलात, वाळूत चाक थोडं फिरलं तरच खाचांमधला चिखल उडतो आणि टायरला पकड मिळते. बाहेर आल्यावर मात्र ते लगेच पुन्हा चालू करायचं.

सगळ्यात मोठी चूक तिसरी. तोच दिवा, सोबत ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचाही, पेटून राहिला आणि मी जवळजवळ सगळा पावसाळा तशीच गाडी चालवली. ब्रेक लागत होते, त्यामुळे काळजी वाटली नाही. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बॅटरी बदलली. अशक्त बॅटरीनंही हे दिवे लागतात, पण माझ्या गाडीत कारण ते नव्हतं. शेवटी स्कॅनर लावल्यावर एका चाकाच्या सेन्सरची वायर घासून तुटलेली सापडली.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांजवळच्या याच सेन्सरांवर विसंबून असतात. एका चाकाची खबर आली नाही की संगणकाला तुलनाच करता येत नाही. चुकीच्या माहितीवर भलत्याच चाकाला ब्रेक लावणं धोक्याचं, म्हणून तो आपणहून बाजूला होतो. इंजिनात दोष असला तरी काही गाड्यांत हेच होतं, कारण जोर नीट उतरेल याची खात्री उरत नाही. फार वेळ घसरून ब्रेक तापले, तर यंत्रणा तात्पुरती थांबते आणि ते थंड झाल्यावर परत येते. हे एवढं कळलं असतं, तर निसरड्या रस्त्यांवर मी घरच्यांना एबीएसशिवाय फिरवलं नसतं.

रस्त्यावर दिवा लुकलुकला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, बटणाकडे जाऊ नका. बटण दाबलेलं नसताना दिवा पेटून राहिला, गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही गेला नाही, तर कुठलाही पार्ट बदलण्याआधी स्कॅन करून घ्या आणि दोषाचा कोड लिहून मागा. हे काम पावसाळ्याआधी उरका.