येईल, येऊ शकेल आणि यायची हं!

तुमच्या घरी औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद कोणी वाचतं का? आमच्या दारासुरमच्या गल्लीत एका पाट्टींच्या, म्हणजे आजींच्या, नातवाने तो वाचला. मुलगा नववीतला, इंग्रजी बरं. रक्तदाबाच्या गोळीच्या कागदावर 'मे कॉज डिझिनेस' असं छापलेलं होतं. त्याने आजीला तमिळमध्ये सांगितलं, 'तलैसुत्तल् वरुम्.' चक्कर येईल. पाट्टींनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी दाब मोजला, तेव्हा घरच्यांची धावपळ उडाली.

नातू खोटं बोलला नव्हता. त्याला 'कॉज' कळलं होतं, 'डिझिनेस' कळलं होतं. पहिला 'मे' तेवढा वाटेत गळला. तमिळमध्ये हा 'मे' एका प्रत्ययात मावतो. 'वरुम्' म्हणजे येईल, 'वरलाम्' म्हणजे येऊ शकेल. एवढ्याशा फरकावर आठ दिवसांच्या गोळ्या गेल्या. (गोळी घ्यायची की नाही हे कागदाला नव्हे, डॉक्टरांना विचारायचं, हे वेगळं सांगायला नको.)

शाळेत आपण 'मे म्हणजे कदाचित, कॅन म्हणजे शकणे' एवढं पाठ करतो आणि मार्क मिळवून मोकळे होतो. पण एखादं कारण आणि त्याचा परिणाम जोडताना या छोट्या क्रियापदांचं काम फार मोठं असतं. परिणामाची हमी बोलणारा किती घेतो आहे, हे ती सांगतात. मी इथे संध्याकाळी काही मुलांचं इंग्रजी घेते. त्यांच्या वह्यांत सगळीकडे 'विल'च 'विल' असतं. तुमच्या मुलांच्या वह्या उघडून पाहा, वेगळं दिसणार नाही.

आमचं गाव कुंभकोणमपासून तीन-चार किलोमीटरवर. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं मंदिर इथे आहे. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचा पुढचा मंडप रथासारखा, दगडी चाकं आणि घोडे असलेला. सुट्टीत महाराष्ट्रातली कुटुंबंही येतात. पोरगं कट्ट्यावर चढलं की मराठी आई ओरडते, 'पडशील!' तमिळ आई ओरडते, 'विळुन्दुडुवे!' दोघींचाही भविष्यकाळ. इंग्रज आईसुद्धा घाईत 'यूल फॉल' असंच म्हणेल, कारण ओरडताना शक्यता मोजायला वेळ नसतो. पण हात धरून समजावताना ती 'यू माइट फॉल'वर येते.

आणि इथे आपल्याकडचा एक शब्द आठवा. 'सांभाळ हं, पडायचास!' 'गॅसकडे बघ, दूध उतू जायचं!' यात दूध उतू जाणारच असं कोणी म्हणत नाही. बघितलं नाही तर जाऊ शकेल, आणि ते मला नको आहे, एवढं सगळं त्या 'जायचं'मध्ये आहे. 'माइट'चा इतका जवळचा मराठी नातेवाईक मला दुसरा सापडलेला नाही. मराठी घरातल्या मुलाला 'माइट' शिकवायचं असेल तर व्याकरणाच्या पुस्तकाआधी स्वयंपाकघरात जावं.

मंदिरात बलिपीठाजवळ दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर आघात केला की निरनिराळे सूर निघतात अशी त्यांची ख्याती. आता त्यांच्याभोवती लोखंडी जाळी आहे. जाळी का, हे मी मुलांना इंग्रजीत सांगायला लावते. पहिलं उत्तर ठरलेलं: 'पीपल विल ब्रेक द स्टेप्स.' सगळी माणसं? नक्की? मग कोणीतरी 'पीपल कुड डॅमेज देम'वर येतं. 'कुड'मध्ये एवढंच आहे की तसं घडायला वाट मोकळी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला त्यात गुन्हेगार ठरवलेलं नाही.

उलट दिशेने, म्हणजे परिणाम पाहून कारण ओळखताना, आपली मराठी जास्तच श्रीमंत आहे. मंदिराचं पुढचं आवार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली आहे, मोठ्या पावसात तिथे पाणी साचतं. सकाळी ते तळं दिसलं की आपण म्हणतो, 'रात्री पाऊस झाला असणार.' इंग्रजीत 'मस्ट हॅव'. पण नुसती गल्ली ओली दिसली तर 'झाला असेल', फार तर 'झाला असावा'. कारण इथे बायका पहाटे दारात पाणी शिंपून कोलम काढतात. तिथे 'मे हॅव'. असणार, असावा, असेल या तीन पायऱ्या आपण विचार न करता चढतो-उतरतो, आणि इंग्रजीत आलो की पहिल्याच पायरीवर बसतो.

'मस्ट'चं एक नामांकित उदाहरण कुंभकोणमच्याच माणसाबद्दलचं आहे. रामानुजन यांचं घर इथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर. इथल्या सरकारी कॉलेजात गणितापायी बाकीचे विषय मागे पडले, इंग्रजीतही ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठवलं. पानंच्या पानं सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाहीच. त्यातली काही सूत्रं हार्डींनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी नंतर सांगितलेला तर्क असा, की ती खरीच असणार. खोटी असती तर ती रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाजवळ असती? इंग्रजीतल्या त्या एका विचारात 'मस्ट' आहे आणि 'वुड'ही आहे.

आता गल्लीत परत येऊ. दारासुरममध्ये रेशमी साड्या विणणारी पुष्कळ घरं आहेत. खड्ड्यातला माग असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस जिवावर येतो: खड्ड्यात ओल येते, ताणा दमट होतो, काम थांबतं. शेजारच्या विणकराची मुलगी फोनवर इंग्रजीतून गिऱ्हाइकं सांभाळते. एका लग्नाच्या साडीसाठी तिने लिहिलं, 'रेन इज कमिंग. यार्न विल गेट वेट. सारी विल बी लेट.' तिच्या मनात तमिळ 'तामदम् आयिडुम्' होतं, आपण 'उशीर व्हायचा हं' म्हणतो तसं. गिऱ्हाइकाने ते जाहीर झालेला उशीर म्हणून वाचलं आणि मागणी रद्द केली. त्याचंही काय चुकलं? मुहूर्त कोणासाठी थांबतो?

ती फोन घेऊन माझ्याकडे आली. 'अक्का, मी तर आधीच प्रामाणिकपणे सांगितलं!' प्रामाणिकपणा होताच, पण हमी भलत्या गोष्टीला दिलेली होती. पुढच्या गिऱ्हाइकाला आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: पाऊस असाच राहिला तर सूत दमट होऊ शकेल, तिथे 'कुड', साडीला चार-पाच दिवस उशीर होण्याची शक्यता आहे, तिथे 'माइट', तसं झालं तर दहा तारखेच्या आत मी कळवीन, तिथे 'विल'. तिने शेवटीही 'माइट' घातलं होतं, नम्र वाटतं म्हणून. ते मी काढायला लावलं. पावसाची हमी तिच्याकडे नाही, पण कळवण्याची आहे. ही मागणी टिकली. साडी सहा दिवस उशिरा गेली आणि गिऱ्हाइकाने कुरकुर केली नाही.

घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मात्र जास्त जपावं लागतं. तंजावरच्या भोसल्यांचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये मुलगा नसताना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. मुलगा असता तर राज्य राहिलं असतं का? 'वुड हॅव' म्हणणारा छातीठोक माणूस. १७९९ च्या तहातच कारभार कंपनीकडे गेलेला होता, हे आठवलं की आपण 'माइट हॅव'वर उतरतो. इतिहासात यावर वाद घालायला मजा येते. घरात येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात आई हृदयविकाराने गेली. धाकटी बहीण परदेशात, भाऊ आईजवळ. दोघांचं लिहिणं अलीकडे इंग्रजीतूनच चालायचं. बहिणीने लिहिलं, 'इफ यू हॅड टेकन हर अर्लिअर, शी वुड हॅव लिव्ह्ड.' लवकर नेलं असतंस तर ती जगली असती. भाऊ दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. डॉक्टरांनी फोनवर बहिणीला मराठीत सांगितलं होतं, 'आधी आणलं असतं तर वाचल्याही असत्या.' त्यातला 'ही' म्हणजेच 'माइट'. डॉक्टरांचं ते वाक्य तिने जसंच्या तसं भावाला कळवलं, पण दोन वर्षांनी.