नास्तिकाच्या शब्दाची किंमत

पेशवाईत एखादा वतनाचा तंटा कागदपत्रांनी सुटेना, साक्षीदारही उलटसुलट बोलू लागले, की पंच अखेर देवाला साक्षीला बोलावत. कुणी बेलभंडार उचलून शपथ घेई, कुणी रवादिव्याला उभा राही. कढत तेला-तुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग तो हात पिशवीत घालून वर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी मोहर फोडून पाहायचे. हात पोळलेला नसला तर माणूस खरा! यातले दिव्य गेले, पण बेलभंडार काही आपल्या बोलण्यातून गेला नाही. ‘देवाशप्पथ’, ‘आईशप्पथ’ म्हटल्याशिवाय शाळकरी पोरांचाही एकमेकांवर विश्वास बसत नाही.

नीतिशास्त्र शिकवताना वर्गात हमखास येणारा प्रश्न या शपथेपाशीच जाऊन पोचतो. देव न मानणारा माणूस नीतीने वागू शकतो का? ऐकायला हा प्रश्न तात्त्विक वाटतो, पण इतिहासात तो अगदी रोखठोक विचारला गेला: ज्याला वरच्याची भीती नाही, त्याच्या शब्दावर विसंबायचे कसे? जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडली आणि त्याच लिखाणात नास्तिकांना मात्र त्या सहिष्णुतेतून वगळले. वचन, करार, शपथ ही समाज बांधून ठेवणारी बंधने नास्तिकाला बांधू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

या युक्तिवादाची कसोटी लागली ती इंग्लंडच्या संसदेत. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी नुसत्या प्रतिज्ञेवर काम भागवू द्या, अशी त्याने मागणी केली. सभागृहाने नकार दिला. बरे, मग शपथ घेतो, असे तो म्हणाला, तर तीही घेऊ देईनात. कारण त्या शब्दांना आपल्या लेखी अर्थ नाही हे तो आधीच बोलून चुकला होता. एक रात्र त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडले. पुढच्या वर्षी तर दाराशी झटापट करून, अंगावरचा कोट फाटेपर्यंत ओढत बाहेर काढले. मतदार मात्र त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये त्याला एकदाचे आसन मिळाले, तेही शपथ घेऊनच. कडव्या नास्तिकांना ही माघार रुचली नाही आणि माझ्या मते त्यांची नाराजी रास्त होती. पण १८८८ मध्ये याच ब्रॅडलॉने प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा संमत करून घेतला.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. ब्रॅडलॉ लबाड असता तर पहिल्याच दिवशी ओठातल्या ओठात शपथ पुटपुटून गुपचूप जागेवर जाऊन बसला असता. त्याला कुणी अडवले नसते. खोटारड्या नास्तिकाला दार उघडे आणि खरे बोलणाऱ्याला बंद, अशी ही चाळणी. इंग्लंडच्या कोर्टांत साक्षीदारांच्या बाबतीत हेच घडत होते, हे जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच दाखवून दिले होते.

ब्रॅडलॉ १८८९ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला होता. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला गेलेल्या हिंदी मंडळींत बॅरिस्टरीचा एक तरुण विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. हेच गांधी पुढे ‘ईश्वर हे सत्य’ या वाक्याची उलटापालट करून ‘सत्य हाच ईश्वर’ म्हणू लागले. देव नाकारणाराही सत्य नाकारत नाही, हे त्यामागचे एक कारण त्यांनीच सांगितले होते.

पुढे एका नास्तिकानेच त्यांचे दार ठोठावले. गोपाराजु रामचंद्र राव, ऊर्फ गोरा, हे आंध्रातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी त्यांची नोकरी गेली, मग त्यांनी खेड्यात राहून अस्पृश्यतेविरुद्ध काम सुरू केले. १९४४ च्या अखेरीस ते सेवाग्रामला गांधींना भेटले. कलकत्त्याच्या दुष्काळात गोरांनी पाहिले होते, की मिठाई-फळांच्या दुकानांशेजारी भुकेली माणसे पडून मरत होती, पण दुकानाला हात लावत नव्हती. भुकेला बैल मार खाऊनही तोंड घालेल. माणूस मात्र दैवाला बोल लावून मरून जातो, आणि ही सहनशीलता त्याला देवाधर्माने शिकवली, असे गोरांनी गांधींना तोंडावर सांगितले. हे निदान मला अपुरे वाटते. उपाशी शरीराला ताकद कितीशी उरते? पण देवाच्या नावावर ढकललेली जबाबदारी माणसाने स्वतःच्या खांद्यावर घ्यावी, ही त्यांची मांडणी ‘नास्तिक म्हणजे बेबंद’ या समजाच्या नेमकी उलट आहे.

गोरांनी थोरल्या मुलीचे लग्न दलित तरुणाशी ठरवले. ते सेवाग्रामला लावायचे गांधींनी कबूल केले आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. लग्न लागले मार्च १९४८ मध्ये. तोवर गांधी राहिले नव्हते.

याचा अर्थ नास्तिक तेवढा सज्जन असा कुणी काढू नये. स्टालिनच्या राजवटीने देवळे-चर्च बंद केली आणि माणसेही मारली. पण नीती देवाकडूनच येते म्हणावे, तर श्रद्धाळूही देवाची प्रत्येक आज्ञा डोळे मिटून मानतोच असे नाही. शास्त्रात अस्पृश्यता असेल तर ते शास्त्र मी मानणार नाही, असे गांधी म्हणत, तेव्हा ग्रंथ कशावर घासून पाहिला जात होता? ग्रंथाबाहेरच्या विवेकावरच ना! तो विवेक आस्तिकाच्या मालकीचा नाही.

आपल्या घटनाकारांनाही शपथेचा हा पेच सोडवावा लागला. घटना समितीत शपथेत ईश्वर असावा की नसावा यावर चर्चा झाली आणि शेवटी दोन्ही पर्याय ठेवले गेले. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. १९६९ च्या शपथ कायद्याने कोर्टातल्या साक्षीदारालाही हीच मुभा दिली आहे. शपथेवर असो वा प्रतिज्ञेवर, खोटी साक्ष दिली तर शिक्षा दोघांनाही सारखीच आहे.