पेड पेंडिंग

आमच्या धर्मापुरीत इंग्रजी कुणाला येत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एक दिवस सकाळी पारावर येऊन बसावं. एकजण म्हणतो, “आज लोडशेडिंग कव्हा?” दुसरा म्हणतो, “मोटारीची फिटिंग झाली, पर वायरिंग जळली.” तिसऱ्याच्या ट्रॅक्टरचं पासिंग राहिलेलं असतं, चौथ्याच्या पुण्याच्या तिकिटाला वेटिंग असतं. लग्नाचं शूटिंग, ग्रामपंचायतीची मीटिंग, उसाच्या गाडीचं लोडिंग. माझी आई अंगठाबहाद्दर होती, पण ‘सेटिंग’ हा शब्द तिला बरोबर कळायचा. कुणाचं काम लवकर झालं की ती म्हणायची, “त्याची सेटिंग हाय बाबा वरपर्यंत.”

ह्या सगळ्या शब्दांच्या शेवटी ‘इंग’ आहे. इंग्रजीत ते क्रियापदाचं रूप, पण आपल्याकडं आल्यावर त्याचं नाम झालं. नुसतं नाम नाही, त्याला लिंगसुद्धा लागलं. मीटिंग ती, वायरिंग ती, पण शूटिंग ते आणि पासिंग ते. हे कुणी ठरवलं देव जाणे. आणि क्रियापदाचं काम करायला मागं आपलं ‘करणं’ नाही तर ‘होणं’ जोडावं लागतं. वायरिंग केली, पासिंग झालं. म्हणजे इंग्रजांचं क्रियापद आमच्या गावात येऊन बसून राहिलं, काम मराठीलाच करावं लागलं.

मला हे ‘इंग’ पहिल्यांदा भेटलं ते १९७२ साली. तव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. मी त्याच सालात पाचवीला गेलो. आमच्या सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “इट इज रेनिंग. पाऊस पडत आहे.” आम्ही सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर नुसता फुफाटा उडत होता. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे काय ते मी लिहायला नको. आई आणि दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची, घरात मिलोच्या लाल भाकरी. त्यात हे ‘इट इज रेनिंग’. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणलं, “सर, कुठं पडायलाय?” सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग ते गप झाले आणि त्यांनी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी सरांनी वेगळ्या पद्धतीनं शिकवलं. पुस्तकात ‘जात आहे’, ‘करत आहे’ असं होतं. आमच्या घरी असं कुणीच बोलत नाही. आम्ही म्हणतो, “मी जायलोय, आई भाकरी करायलीय.” सर म्हणले, “अरे, तुमचं ते ‘यलोय, यलीय’ म्हणजेच इंग. चालू असलेलं, अजून संपलं नाही असं काम. म्हणून व्याकरणात त्याला अपूर्ण काळ म्हणतात.” तेवढं बरोबर डोक्यात बसलं. आज साठी उलटली तरी बसलेलं आहे.

पुढं आठवीत कळलं की इंग एकाच कामाचं नाही. ‘आय ॲम गोइंग’ म्हणजे मी जायलोय. ‘स्विमिंग’ म्हणजे नुसतं पोहणं, तिथं कुणी पोहत असायची गरज नाही. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी. आणि ‘आय ॲम कमिंग टुमारो’ म्हटलं तर अजून निघालेलाच नाही, उद्या येणार. एकाच शेपटीचे हे चार अर्थ. माझी तिथं गफलत व्हायची. शिवाय ‘पे, पेड, पेड’, ‘गो, वेंट, गॉन’ अशी रूपं पाठ करायची. १९७८ ला दहावीला बसलो आणि इंग्रजीत गेलो. बाकी सगळे विषय निघाले होते. दादा म्हणले, “राहू दे, औताला इंग्रजी कळत नाही.” मी बैलामागं लागलो तो लागलोच.

चाळीस वर्षांनी ह्याच इंगनं मला परत गाठलं.

२०१६ ला पाऊस चांगला झाला. त्याच्या आधीची दोन वर्षं अशी गेली होती की पाण्यावाचून परळीचं थर्मलसुद्धा बंद ठेवावं लागलं होतं. आता पाणी लागेल म्हणून मालकिणीची बोरमाळ मोडली आणि विहीर खोदली. पाणी लागलं, तेही चांगलं. माझा थोरला तव्हा घरीच शेती करत होता. विहिरीच्या काठावर उभा राहून म्हणला, “दादा, आता मी कुठं जात नाही. लाईट आली की दोन एकर बागायत करू.” २०१७ च्या उन्हाळ्यात दोन शेळ्या विकून पाच एचपीच्या मोटारीचं कोटेशन भरलं. पावती घरी आणून देवापुढं ठेवली.

मग खांबाची वाट बघणं सुरू झालं. सहा महिन्यांनी कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबानं संगणकात बघितलं आणि म्हणला, “काका, तुम्ही पेड पेंडिंगमध्ये आहात.” मला वाटलं काहीतरी चांगलं आहे. घरी येऊन सांगितलंसुद्धा, आपलं पेड पेंडिंगमध्ये नाव लागलं म्हणून. थोरला हसला. म्हणला, “दादा, त्याचा अर्थ पैसे भरले, काम नाही झालं.”

मी एकटाच नव्हतो. २०१८ साली राज्यात असे पेड पेंडिंग शेतकरी २ लाखांवर होते. मी मात्र त्या दोन शब्दांवर बरेच दिवस विचार केला. पेड हे तिसरं रूप, म्हणजे काम पुरं झालेलं. ते आम्ही केलं. पेंडिंग हे इंगवालं, म्हणजे चालू असलेलं. पण चालू काय होतं? खड्डा नाही, खांब नाही, तार नाही. ‘रेनिंग’सारखंच झालं. फळ्यावर पडायलाय आणि बाहेर फुफाटा.

२०१८ चा पावसाळा परत कोरडा गेला. विहिरीत तळाला पाणी होतं, वाकून बघितलं की दिसायचं. वर हरभरा वाळत होता. दोन पाळ्या भाड्यानं डिझेल इंजिन लावलं, पुढं परवडेना. शेजाऱ्याकडून तरी लाईट कशी घ्यावी? एका डीपीवर पंधरा-वीस मोटारी, दाब पुरत नाही, त्याचीच मोटार दोनदा जळालेली. २०१९ च्या मार्चात थोरला म्हणला, “दादा, चाकणला एका कंपनीत जागा हाय. लाईट आली की माघारी येतो.” बायको आणि लेकरासकट गेला. एस.टी.त बसताना म्हणला, “येतो दादा.” आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत. मी म्हणलं, “ये.”

लाईट आली २०२१ ला. पेड पेंडिंगवाल्यांसाठी सरकारची नवी योजना आली होती, उच्चदाब लाईन शेतापर्यंत आणायची आणि एका-दोघांना मिळून एक छोटी डीपी द्यायची. योजना चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. दाब पूर्ण मिळतो, मोटार जळत नाही. ज्या दिवशी पहिलं पाणी पाटात पडलं त्या दिवशी थोरल्याला फोन लावला. त्याला पाण्याचा आवाज ऐकवला. तो म्हणला, “लई भारी झालं दादा.” मग जरा थांबून म्हणला, “पोरीची शाळा चालू झालीय इथं.” मी म्हणलं, “बरं.”

ती नात आता सहावीत आहे, इंग्रजी शाळेत. उन्हाळ्यात आली होती. मी तिला विचारलं, “पेंडिंगमधला इंग काढला तर काय राहतं गं?” ती म्हणाली, “पेंड.” मी म्हणलं, “पेंड तर आपल्या म्हशीला घालतो, सरकीची.” ती खूप हसली. मग तिनं मोबाईलवर शोधलं. म्हणाली, “आबा, पेंड असं क्रियापद आता कुणी वापरत नाही. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टांगणं. घड्याळाचा पेंड्युलम, गळ्यातलं पेंडंट, सगळं त्यातूनच.”

टांगणं. हा शब्द आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरात कुणी उगीच तोंडात घेत नाही. मी तिला काही बोललो नाही. माझ्या मनात आलं, माझी पावती चार वर्षं टांगलेली होती, पण दोर मात्र पोराचा तुटला. चार वर्षं म्हणजे सरकारी कामात काही फार नाही. घरात मात्र चार वर्षांत पोरगा कुठल्या कुठं जातो.

त्याचा दोष काय? तिकडं त्याचा पगार महिन्याला येतो. इकडं बागायत झाली तरी भाव कुणाच्या हातात नाही. मलाच कधी वाटतं, बरं झालं गेला. कधी रात्री मोटार चालू करायला एकटा बॅटरी घेऊन जातो, तव्हा तसं वाटत नाही.

परवा त्याचा फोन होता. “दादा, दिवाळीला येतोय.” मी फोन ठेवला. मालकीण म्हणाली, “काय म्हणतंय?” मी म्हणलं, “येतोय म्हणतंय.” तिनं विचारलं, “म्हणजे निघालाय का येणार हाय?”

मी तर त्याच विषयात नापास झालेला माणूस. तिला म्हणलं, “येणार हाय. तू लाडवाची डाळ घे दळून.”