बाबकॉकचा तारा

परवा शनिवारी बाबांचा एमआरआय होता. पाठीचं दुखणं वर्षभर कोणाला न सांगता अंगावर काढलं त्यांनी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही रे." मी बाहेर बाकावर, मांडीवर त्यांचं घड्याळ, अंगठी आणि चाव्या. दारावर पाटी: चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला.

कॉलेजात आकाशदर्शनाचं खूळ होतं. त्यामुळे पाटी वाचून तारा आठवला! एचडी २१५४४१. हंस आणि देवयानी यांच्या मधल्या सरठ नावाच्या छोट्या तारकासमूहातला. निळसर-पांढरा, पण इतका अंधूक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. होरेस बाबकॉक यांनी १९६० मध्ये त्याचं चुंबकीय क्षेत्र जाहीर केलं: ३४ हजार गॉस, म्हणजे ३.४ टेस्ला. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. आतल्या मशीनच्या दुपटीहून जास्त, आणि तेही बोगद्याएवढ्या जागेत नाही, अख्ख्या ताऱ्यावर...

हे कळलं कसं? ताऱ्याच्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेषा असतात. चुंबकीय क्षेत्रात एका रेषेच्या अनेक होतात. हा झीमन परिणाम, १८९६ सालचा. बहुतेक ताऱ्यांत रेषा फार तर थोडी जाड होते. इथे ती चक्क फुटलेली दिसली. फट मोजली की क्षेत्र कळतं.

शिवाय त्याच्या वर्णपटात सिलिकॉनच्या रेषा नको तितक्या ठळक. अशा ताऱ्यांना 'रासायनिकदृष्ट्या विचित्र' म्हणतात. पण हा विचित्रपणा फक्त वरवरचा, आतला मालमसाला इतरांसारखाच. बाकीचे तप्त तारे गरागरा फिरतात, हा एका फेरीला साडेनऊ दिवस घेतो. त्यात चुंबकीय क्षेत्र वरचा थर हलू देत नाही. ढवळणारं कोणी नाही, मग काही मूलद्रव्यं वजनाने खाली बसतात, काहींना आतून येणारा प्रकाशच वर ढकलतो. गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की निवळतं, तसंच काहीसं. फक्त इथे साय पण धरते.

म्हणजे ही सगळी गंमत शांतपणाची. शांत आहे म्हणून तिथे काही चाललेलं नाही, असं मात्र नाही.

अर्ध्या तासाने बाबा बाहेर आले. "फार आवाज करतं रे ते." घड्याळ हातात दिलं. म्हटलं, "बाबा, खरं सांगा, किती दुखतं?"

पट्टा लावता लावता थांबले. मग म्हणाले, "रात्री जास्त."

रिपोर्ट सोमवारी मिळेल.