मागची काच

मोटारीच्या दोन काचांचे स्वभाव भिन्न असतात. पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. फुटली तरी ती आपले तुकडे धरून ठेवते. मागची काच तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली असतो, अंतरंग ताणाखाली. हा तोल ढळला की ती क्षणात खड्यांएवढ्या तुकड्यांत विखुरते.

वडिलांच्या माघारी उरलेल्या 1998 सालच्या पिकअपची मागची काच लोखंडी पाइप लागून फुटली. तिच्यावर बाहेरून त्यांनी आजीचे नाव रंगवून घेतले होते. मागे वळून पाहिले तर ते उलटे दिसे. चालवताना समोरच्या आरशात मात्र सुलट. चुऱ्यात एकही अक्षर सापडले नाही.

काचवाल्याने कडक झालेले रबर कापून काढले, चौकटीच्या पत्र्यावरचा गंज घासला, रंगाचा हात दिला. नवे रबर काचेभोवती बसवून त्याच्या खाचेत दोरी घातली, साबणाचे पाणी लावले. मी बाहेरून काच दाबून धरली. तो आतून दोरी ओढत गेला आणि रबराची कड पत्र्यावर चढत गेली.

आई म्हणाली, "नाव पुन्हा काढून घे." ते वडिलांनी काढून घेतलेले नसेल, हे तिलाही ठाऊक होते. स्मृतीला तडकलेल्या काचेची उपमा आपण सहज देतो. पण काही स्मृती तडकत नाहीत, त्यांचा आधारच एकदम नाहीसा होतो. नवी काच अजून कोरी आहे. आरशात मागचा रस्ता पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतो, आणि त्या स्वच्छतेची सवय अद्याप झालेली नाही.