कोरे कापड

गोधडी जुन्या कापडांची असते, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की ती जुन्याच कापडांची का, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. माझ्याही मनात तो आला नव्हता. वडील गेल्यावर त्यांची तीन धोतरे आईने ट्रंकेत जपून ठेवली होती. वर्षानुवर्षांच्या धुण्याने ती सायीसारखी मऊ झाली होती. त्यांची गोधडी करून मुलीला द्यावी, असे मी ठरवले. नुसते पांढरे उदास दिसेल म्हणून अकोल्याच्या बाजारातून दोन मीटर लालभडक सुती कापड आणले.

कोऱ्या कापडाचा रंग जातो, एवढे ज्ञान मला होते. दिवाळीच्या सुट्टीत दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा विहिरीच्या पाण्यात मूठभर मीठ आणि तुरटीचा खडा टाकून ते कापड रात्रभर भिजत घातले. सकाळी पाणी किंचित गुलाबी झाले होते. दुसरे पाणी जवळजवळ स्वच्छ निघाले. रंग पक्का झाला, असे समजून काकूंच्या सोबतीने मी पंधरा दिवस धावदोरा घालत बसले.

आईला दाखवण्यासाठी गोधडी अमरावतीला नेली. देण्यापूर्वी एकदा धुवावी म्हणून नळाच्या पाण्यात साबण घालून बुडवली आणि पाहता पाहता प्रत्येक लाल तुकड्याभोवतीचे धोतर गुलाबी होत गेले. मी घाबरून ती पिळली आणि गच्चीवर टाकली. संध्याकाळी आई वर आली. तिने डागांवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाली, "वायत काहून घातली? ओली असती तं काही करता आलं असतं."

पुढे कितीतरी दिवस मी या प्रकरणाच्या मागे लागले होते. उलगडा झाला तो असा. सुती कापडाचे पुष्कळसे स्वस्त रंग धाग्याला घट्ट बांधलेले नसतात, केवळ चिकटून असतात. १९५६ पासून बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात खरे. पण त्यांचाही काही भाग रंगवताना पाण्याशीच संयोग पावतो आणि कापडात सुटा राहतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने काढूनच टाकावा लागतो. मीठ हे काम करत नाही. रंगाऱ्याच्या कढईत मीठ घालतात ते रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी. धुण्याच्या पाण्यात घातलेले मीठही तेच करते. सुटा रंग तात्पुरता धाग्याला धरून राहतो आणि पाणी स्वच्छ दिसते. त्यात आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे विहिरीचे पाणी मुळातच खारे. अमरावतीच्या नळाला येते ते अप्पर वर्धा धरणाचे गोडे पाणी. गावच्या पाण्याने जे धरून ठेवले, ते शहराच्या पाण्याने सोडून दिले.

मग ही मीठ-तुरटीची रीत आली कोठून? तुरटीपुरते तरी मला असे वाटते की ती आपल्याकडच्या जुन्या लाल रंगाची आठवण असावी. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत एके काळी आल पिकत असे. तीन-चार वर्षांनी तिची मुळे खणून काढायची आणि त्यांतून लाल रंग मिळवायचा. पण तो रंग कोऱ्या कापडावर बसत नसे. आधी कापड धुऊन खळ काढायची, तेल आणि खाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवायचे, वाळवायचे, मग तुरटी द्यायची आणि त्यानंतर रंग. तुरटी तेथे धागा आणि रंग यांच्यातला दुवा होती. आजच्या रंगाला तिचा काही उपयोग नाही. जुन्या कादंबऱ्यांतून विधवांच्या अंगावर दिसणारे आलवण आपल्या नावातच ही आल वागवते. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी अ‍ॅलिझरीन कृत्रिम रीतीने तयार केले, त्यानंतर आलीची शेती हळूहळू मोडली. आल गेली, तुरटीचा खडा मात्र बादलीत राहिला.

येथे मला गोधडीविषयीच्या आपल्या हळवेपणाचाही विचार करावासा वाटतो. कवितांतून आणि ललित लेखांतून आपण तिच्या उबेविषयी, मऊपणाविषयी भरभरून लिहितो. पण तो मऊपणा येतो कोठून? आईने वडिलांची धोतरे किती वेळा धुतली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. घरात दुसरे कापड नव्हते म्हणून तेच पुन्हा पुन्हा धुतले गेले. रंग जाणे, कापड आटणे, खळ निघणे हे सारे गोधडीत येण्यापूर्वीच होऊन गेलेले असे. आजीच्या गोधडीचा रंग कधी लागला नाही, यात कौशल्य होतेच. पण त्याहून अधिक होते ते दारिद्र्य आणि एका बाईचे हात. मी दोन मीटर कोरे कापड विकत आणू शकले, हे माझे भाग्य. वीस वर्षांचे काम एका रात्रीत आणि मूठभर मिठात उरकावे, ही मात्र माझी घाई होती.

आईने लाल तुकडे उसवायला लावले. गोड्या गरम पाण्यात साबण घालून, प्रत्येक वेळी पाणी बदलून, ते मी पुन्हा धुतले. तिसऱ्या पाण्यानंतर मला पुरेसे वाटले. आईने एक पांढरी चिंधी ओली करून लाल कापडावर चोळली आणि माझ्यासमोर धरली. "पान्याले रंग आला नाही, म्हून तो गेला असं नसते बाई."

चिंधी गुलाबी झाली होती. आणखी दोन पाणी काढावी लागली. धोतरांवरचे डाग उन्हात वाळून पक्के झाले होते. ते तसेच राहिले आणि त्यांच्यासकट गोधडी पुन्हा शिवली. मुलगी तिच्याबरोबर ती पुण्याला घेऊन गेली आहे. आता ती कशाही पाण्यात धुतली तरी चालते.