तारामतीमागचा उजेड

पुण्याचा उजेड हरिश्चंद्रगडावरून दिसतो. देवळापाशी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर १४२९ मीटर उंचीच्या तारामती शिखराचा काळा आकार, आणि त्याच्या खांद्यामागून वर आलेला नारिंगी पट्टा. नारायणगाव, चाकण, पिंपरी, पुणे, सगळ्यांचा मिळून. गडावर पहिल्यांदा मुक्काम करणारं कुणीतरी हमखास विचारतं, चंद्र उगवतोय का? अमावस्येच्या रात्री.

मी गडावर आकाशगंगेचे फोटो काढतो, आणि माझी सगळी पंचाईत या पट्ट्याशी आहे. चैत्र अमावस्येच्या सुमारास वृश्चिकाची नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, मध्यरात्रीच्या आसपास आग्नेयेला वर येऊ लागते. आकाशगंगेचा गाभा तिथेच शेजारी. दोन-अडीच वाजता तो बऱ्यापैकी काळ्या आकाशात असतो, पण तेव्हा चौकटीत तारामती नीट येत नाही. चारच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर पोचतो. खाली देऊळ, मागे तारामती, वर आकाशगंगा. हवी तशी चौकट, आणि तिच्या बुडाशी पुणे. पाचच्या आत पहाट फुटायला लागते, म्हणजे हाताशी तासभरही उरत नाही.

लोक म्हणतात, एवढा त्रास होतो तर पेंचला जा. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आकाश तिथलं खरोखर काळं. लडाखमधलं हानले तर त्याहून वरचं. पण मी पुण्यात राहतो, आणि मला हेच देऊळ हवं आहे.

गडावर काम कंटाळवाणं असतं, हे सांगितलेलं बरं. ट्रायपॉड रोवायचा, एखादा ठळक तारा, बहुधा ज्येष्ठा, पडद्यावर मोठा करून हाताने फोकस लावायचा आणि मग लेन्सला हात लावायचा नाही. १४ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद. जुन्या नियमाने ५०० भागिले १४ म्हणजे ३५ सेकंद चालायला हवेत. पण आताच्या बारीक पिक्सेलांच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्यांच्या अळ्या होतात. एकाच जागेवरून सोळा फ्रेम घ्यायच्या. मग कॅमेरा न हलवता, आयएसओ उतरवून, देवळासाठी चार मिनिटांचं एक एक्स्पोजर. मधेच कुणीतरी डोक्याला टॉर्च बांधून पुष्करणीकडे जातो आणि देवळाचं शिखर पांढरंफटक पडतं. शनिवारी रात्री गडावर ब्लूटूथ स्पीकरही असतात, पण ते निदान फोटोत येत नाहीत.

खरं काम घरी. सोळा फ्रेममधले तारे सिक्वेटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जुळवले की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. विमानं आणि उपग्रहांच्या रेघाही बहुतेक गळून जातात. दरम्यान पृथ्वी फिरलेली असते, म्हणून तारे जुळवले की जमीन पुसट होते. ती चार मिनिटांच्या फ्रेममधून आणून बसवायची. इथे कुणी ना कुणी म्हणतंच, म्हणजे हा फोटो बनावट. मला तसं वाटत नाही. अंधारात आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ कळतच नाही. आकाशगंगा राखाडी धुरासारखी दिसते. कॅमेऱ्याला तिच्या गाभ्यातल्या जुन्या ताऱ्यांचा पिवळेपणा दिसतो, एखाद्या तेजोमेघाचा गुलाबी ठिपका दिसतो. ते रंग तिथे असतातच. नसते ते निळं आकाश. चंद्र नसताना रात्रीचं आकाश जांभळं-निळं करून इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. आकाशगंगा उचलून देवळाच्या कळसावर ठेवणाऱ्यांशी मात्र अजून घालतो. माझा नियम एवढाच: एकच रात्र, ट्रायपॉडची एकच जागा, आणि जे जिथे होतं ते तिथेच.

आता हा नियम पाळायचा, तर पट्ट्याचं काय? तो काढता येतो. ग्रेडियंट काढणारी साधनं आहेत, मास्क लावून रंग मारता येतो. पूर्वी सोडियमचे दिवे होते, त्यांचा उजेड मोजक्याच तरंगलांबींचा, त्यामुळे लेन्सवरचा फिल्टर थोडाफार तो अडवायचा. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर तिथे हात टेकतो. राहतं ते संगणकावर पुसणं. मी डिहेझचा स्लायडर ओढतो तेव्हा आकाशगंगा उठून दिसते आणि तेवढाच पट्टाही भडकतो. तो मी खाली आणतो, पण डोळ्याला दिसला होता तिथपर्यंतच. पुसला तर हे आकाश दुसऱ्याच कुठल्या तरी देशातलं होईल.

एका कॅलेंडरवाल्यांनी माझा असा एक फोटो मागितला आणि म्हणाले, खालचं पिवळं तेवढं साफ करून द्या. दिला नाही. त्यांनी लडाखचा घेतला, चांगला होता.

माझ्या फोटोची मोठी प्रिंट मात्र मी पाचनईला, गडाखाली ज्यांच्याकडे उतरतो त्या मामांना नेऊन दिली. त्यांनी ती दारातल्या उजेडात धरली. देऊळ ओळखलं, तारामती ओळखली, मग बोट ठेवलं.

"हा मागं पिवळा उजेड कशाचा हाये?"

"पुण्याकडचा. चाकण, पिंपरी..."

"चाकणचा?" मामांनी आत हाक मारली, "अगं, हे बघ, पोराची कंपनी आलीय फोटोत."

मामी हात पुसत आल्या. दोघं बराच वेळ त्या पट्ट्याकडेच बघत होते. आकाशगंगेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग मामा म्हणाले, "सर, हे त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका की." मोबाइलमध्ये फोटो होताच, तिथल्या तिथे टाकला. व्हॉट्सॲपने बारीक तारे सगळे गिळले, गाभ्याचा चिखल केला, आणि चाकणचा उजेड तेवढा सुखरूप पोचवला. रात्री घरी आल्यावर मी तो पुन्हा पाठवला, डॉक्युमेंट म्हणून.